नकार येणार असं धरूनच चालावं का? (मोठ्या विद्यापीठांचे निकाल आणि त्याआधीचे दिवस)

मृदा | ४ मार्च, रात्री ११:५२

बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, चूकभूल द्यावी घ्यावी.

लेक शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेतल्या नऊ विद्यापीठांत अर्ज केलेत. त्यातली सहा अशी, की शंभरातल्या चार-पाच जणांनाच घेतात. एका ठिकाणी नोव्हेंबरातच अर्ली डिसिजनने अर्ज केला होता, म्हणजे घेतलंत तर तिथेच येईन असं बांधून घेऊन. डिसेंबरात उत्तर आलं. हो नाही आणि नाहीही नाही. डिफर. आता मार्चअखेर बाकीच्यांबरोबर पुन्हा बघणार.

तेव्हापासून घरात विचित्र शांतता आहे. ती अभ्यास करते, जेवते, हसतेसुद्धा. पण कपाटाचे खण तीनदा आवरून झालेत. घरातल्या झाडून सगळ्या पेनांच्या रिफिली तपासून झाल्यात. परवा रात्री दोनला पाणी प्यायला उठले, तर ही अंधारात बसून त्या विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या खोल्यांचे नकाशे बघत होती. मी दिसले तसा लॅपटॉप मिटला.

प्रश्न असा. नकाराची शक्यता जास्त आहे हे मला दिसतंय, तिलाही दिसत असणार. मग त्याबद्दल आधीच बोलावं, की निकाल लागेपर्यंत गप्प बसावं? विषय काढला की ती म्हणते, 'आई, तुझा माझ्यावर विश्वासच नाही.' नाही काढला तर मला झोप नाही. ज्यांच्या घरात हे होऊन गेलंय त्यांनी सांगा. उपदेश चालेल, पण अनुभव असेल तर आधी तो.

---

तिरकस | ५ मार्च, सकाळी ७:१०

सहा कळली. उरलेली तीन कोणती ते लेकीला विचारून बघा. ज्या आवाजात ती नावं सांगेल त्यावरून पुढच्या महिन्याचं हवामान कळेल.

---

मृदा | ५ मार्च, सकाळी ८:३४

@तिरकस, विचारलं. 'आहेत ना, असतील कुठलीतरी' असं उत्तर आलं.

---

गणितवेडा | ५ मार्च, सकाळी ९:०२

आधी आकडे मांडतो, भावना नंतर.

२०२४ साली दाखल झालेल्या तुकडीसाठी हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज आले, घेतले १,९३७. त्याच्या दोन वर्षं आधी ६१,२२० अर्ज होते आणि घेतले १,९५४. म्हणजे अर्ज सात हजारांनी कमी झाले तरी जागा होत्या तेवढ्याच. मुलं कमी हुशार किंवा जास्त हुशार झाली म्हणून खुर्च्या वाढत नाहीत.

दुसरं. हार्वर्डवर जो खटला चालला (प्रवेश देताना वंश बघावा का यावरचा, २०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ज्याचा निकाल लागला तोच) त्यात एका वर्षाची माहिती बाहेर आली होती. नुसत्या देशांतर्गत अर्जदारांत ८,०००हून अधिक मुलांची शाळेतली सरासरी पैकीच्या पैकी होती. जागा होत्या दोन हजारांच्या आसपास. सगळ्या जागा फक्त अशा मुलांना वाटल्या असत्या, तरी त्यातली बहुतेक घरीच बसली असती. तेव्हा 'माझ्यात काय कमी पडलं' या प्रश्नाला बऱ्याचदा उत्तरच नसतं.

तिसरं, सहा ठिकाणी प्रत्येकी ४ टक्के धरले तर एक तरी 'हो' येण्याची शक्यता साधारण २२ टक्के निघते. पण सहा अर्ज म्हणजे लॉटरीची सहा वेगळी तिकिटं नव्हेत. गुण तेच, शिक्षकांची पत्रं तीच, निबंध तोच. एकाला जे खटकलं ते दुसऱ्यालाही खटकू शकतं. म्हणून खरा आकडा २२च्या खालीच असेल.

---

शुभ्रा | ५ मार्च, सकाळी १०:४०

गणितवेडा, आकडे बरोबर असतील हो, पण हे मुलीसमोर वाचून दाखवायचं का? 'बाळ, तुझी शक्यता २२च्या खाली'?

माझं मत स्पष्ट आहे. आधीपासून नन्नाचा पाढा लावू नये. जग नाही म्हणायला बसलेलंच आहे, घरातल्या एका तरी माणसाने शेवटच्या दिवसापर्यंत 'होईल' म्हणावं. माझ्या मुलाच्या वेळी मी तेच केलं. सगळीकडून नकार आले तेव्हा तो रडला, मीही रडले, पण 'आई, तुला आधीच वाटत होतं ना' हे वाक्य मला ऐकावं लागलं नाही.

---

अर्धविराम | ५ मार्च, दुपारी १:१५

शुभ्राताई, तुमचं मन कळतंय, पण यावर खरंच अभ्यास झालाय आणि तो तुमच्या उलट बाजूला झुकतो.

केट स्वीनी म्हणून रिव्हरसाइडच्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात मानसशास्त्रज्ञ आहेत. वाट बघणं हाच त्यांचा विषय. कॅलिफोर्नियात वकिलीची परीक्षा दिली की निकालाला चार महिने लागायचे. तेवढे महिने त्यांनी त्या मुलांकडून पुन्हापुन्हा प्रश्नावल्या भरून घेतल्या. मन दुसरीकडे वळवणं, आशा धरणं, विषयच टाळणं असे सगळे उपाय लोक करत होते, आणि तगमग काही त्याने फारशी कमी होत नव्हती. पण गंमत पुढे आहे. ज्यांनी ते महिने काळजीत आणि वाईटाची तयारी करत काढले, त्यांनी नापासाची बातमी जास्त नीट पचवली, आणि पास झाले तेव्हा आनंदही त्यांनाच जास्त झाला. निवांत राहिलेल्यांना वाईट बातमी आभाळ कोसळल्यासारखी लागली.

म्हणजे मृदाताई, तुमची लेक खण आवरतेय, रिफिली तपासतेय, हे बिघडल्याचं लक्षण धरू नका. ती तिची तयारी चाललीय. तिचं काय करायचं यापेक्षा तुमच्या झोपेचं काय करायचं, हा मला मोठा प्रश्न दिसतो.

---

तिरकस | ५ मार्च, दुपारी १:२२

थोडक्यात, काळजी करा आणि निश्चिंत राहा.

---

पानगळ | ५ मार्च, रात्री ९:४८

मी या धाग्यावरची बहुधा सगळ्यात लहान सदस्य. गेल्या वर्षी मीच ती मुलगी होते. सात अर्ज, पाच नकार, एक वेटलिस्ट, एक होकार. म्हणून मोठ्यांनो, रागावू नका.

निकालाचा ईमेल येतो त्यात निकाल नसतो. 'तुमच्या अर्जात काहीतरी नवीन आहे' एवढंच असतं. मग आत शिरायचं, पासवर्ड टाकायचा, एक बटण दाबायचं. होकार असेल तर पडद्यावर कागदी फुलं उडतात, कुठे गाणं वाजतं. नसेल तर नुसतं पत्र. पहिला शब्द वाचायचीही गरज पडत नाही. पडदा हलला नाही की कळतं.

माझे बाबा दारात उभे होते, हातात फोन, व्हिडिओ चालू. हो आलं तर असावा म्हणून. मी मागे वळून बघितलं तेव्हा ते फोन खाली करत होते, पण इतक्या हळू, की जणू मला दिसणारच नाही. नकाराचं पत्र मला आता आठवत नाही. तो खाली येणारा हात आठवतो. तेव्हा पहिली विनंती, कॅमेरा नको.

दुसरी, त्या रात्री 'जे होतं ते चांगल्यासाठी' म्हणू नका. 'त्यांचंच नुकसान' तर मुळीच नको. त्यांचं काहीही नुकसान झालेलं नसतं, हे मुलांना पक्कं ठाऊक असतं.

तिसरी, नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना सांगायचं काम तुम्ही करा. मला नकारापेक्षा 'मग काय झालं गं तुझं?' हे अकरा वेळा ऐकणं जड गेलं. आईने एक ओळीचा मेसेज सगळ्यांना पाठवला असता तर मी तिची आयुष्यभर ऋणी राहिले असते.

---

शुभ्रा | ५ मार्च, रात्री १०:०५

पानगळ, बाळा, 'त्यांचंच नुकसान' मी म्हटलं होतं. आज कळलं की त्यानंतर मुलगा आंघोळीला का निघून गेला. रात्री साडेअकराला.

---

खडूस | ६ मार्च, सकाळी ६:५५

सगळे गोड बोलताहेत म्हणून कडू बोलायची पाळी माझी. 'विद्यापीठाच्या नावात काय आहे' हे ज्यांच्याकडे नाव आहे तेच सांगतात. नाव उपयोगी पडतं. मुलांना हे माहीत आहे, म्हणूनच ती रात्री दोनला नकाशे बघतात. त्यांना खोटं सांगून शांत करू नका.

---

पाटीपेन्सिल | ६ मार्च, सकाळी ८:२०

@खडूस, तितकं सरळ नाही ते. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांचा २००२चा निबंध बघा. १९७६ साली कॉलेजात गेलेल्या मुलांची पुढची कमाई त्यांनी तपासली. ज्यांनी सारख्याच तोलामोलाच्या ठिकाणी अर्ज केले आणि ज्यांना होकार-नकारही साधारण सारखेच आले, अशा मुलांची जोडी लावली. काही मोठ्या नावाच्या ठिकाणी गेली, काही साध्या. कमाईत म्हणावा असा फरक निघाला नाही. मूल कुठे गेलं यापेक्षा त्याची उडी कुठवर होती, हे जास्त बोलतं. अपवाद गरीब घरच्या मुलांचा, त्यांना मोठ्या ठिकाणाचा फायदा झाला.

---

खडूस | ६ मार्च, सकाळी ८:५१

जुनं झालं ते. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांचा २०२३चा निबंध वाचा. आठ आयव्ही (हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरे जुनी नावाजलेली विद्यापीठं), शिवाय एमआयटी, स्टॅनफर्ड, ड्यूक, शिकागो. त्यांनी पकडली वेटलिस्टवरची मुलं. काहींना शेवटी बोलावलं, काहींना नाही, आणि ते बरंचसं नशिबावर. सरासरी कमाईत फार फरक नाही, इथवर तुमचं बरोबर. पण देशातल्या सर्वांत श्रीमंत १ टक्क्यात जाण्याची शक्यता साधारण दीडपट. नावाजलेल्या कंपनीत शिरण्याची जवळपास तिप्पट.

आणि त्याच निबंधात आणखी एक. परीक्षेतले गुण सारखे असताना सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांतल्या मुलांना प्रवेश मिळण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त. माजी विद्यार्थ्यांची मुलं, खेळाडू, आणि अभ्यासाबाहेरच्या गोष्टींना दिलेले गुण, ही कारणं. म्हणजे नकार हा गुणांचा निवाडा नव्हे, हे माझ्याच पुराव्यावरून सिद्ध होतं. कडू असलो तरी प्रामाणिक आहे.

---

पाटीपेन्सिल | ६ मार्च, सकाळी ९:३०

मान्य. म्हणजे ज्याला साधं सुखाचं आयुष्य हवंय त्याला फरक नाही, आणि ज्याला शिखरावर जायचंय त्याला आहे. सतरा वर्षांच्या मुलाला आपण यातले कोणते, हे कुठून कळणार?

---

मुलाखतकाका | ६ मार्च, रात्री ८:१२

मी ज्या विद्यापीठात शिकलो त्याच्यासाठी गेली अकरा वर्षं अर्जदारांच्या मुलाखती घेतोय. फुकटचं काम. तासभर गप्पा मारायच्या आणि पानभर अहवाल लिहायचा. साठेक मुलं भेटली. त्यातली तीन आत गेली.

एका मुलाने सोबत वही आणली होती. घरासमोरच्या दिव्याखाली रात्री येणारे पतंग तो चार वर्षं नोंदवत होता. तारीख, वेळ, पाऊस होता का, पंखांची रुंदी, आणि शेजारी पेन्सिलीने काढलेलं चित्र. एका पानावर फक्त 'आज कुणी आलं नाही' असं होतं. मी विचारलं, ही नोंद कशाला? म्हणाला, नाही आले हीसुद्धा नोंदच आहे. त्या रात्री मी अहवालात जेवढी विशेषणं ठाऊक होती तेवढी सगळी वापरली. त्याला नकार आला. पुढे त्याचं काय झालं मला माहीत नाही.

दरवर्षी थोडंथोडं कळत गेलं ते असं. ते लोक एकेक मूल तपासून 'हे चांगलं, हे वाईट' म्हणत नाहीत. अख्खी तुकडी जुळवतात. यंदा वाद्यवृंदातला ओबो वाजवणारा शिकून बाहेर पडतोय, तर तो हवा. अमुक विभागात मुलं कमी, तर ती हवीत. पतंगांची वही ज्या टेबलावर गेली तिथे त्या दिवशी काय कमी होतं, हे त्या मुलाला कधीच कळणार नाही. मलाही कळलं नाही.

---

कोरा_कागद | ६ मार्च, रात्री ११:३३

काका, वही वाचून थांबलो.

मला वाटतं खरा काटा अर्जातल्या निबंधात आहे. गुणांवरून नाकारलं तर माणूस म्हणतो, बरं, गुण कमी पडले. पण इथे ६५० शब्दांत 'तू कोण आहेस' ते लिहायला लावतात. मूल महिनोन्महिने घासूनपुसून स्वतःला त्यात बसवतं. आणि मग नाही म्हणतात. अर्ज नाकारला असं वाटत नाही, मला नाकारलं असं वाटतं. मी माझ्या निबंधात वडिलांच्या आजारपणाबद्दल लिहिलं होतं. नकार आल्यावर कितीतरी दिवस मला वाटत राहिलं, की मी ते उगाच वापरलं. विकायला काढलं आणि गिऱ्हाईकही आलं नाही. बाबांशी बोलताना अवघडायचो.

म्हणून मृदाताई, लेकीने कशावर लिहिलंय?

---

मृदा | ७ मार्च, सकाळी १०:१७

@कोरा_कागद, तुमचा प्रश्न वाचून काल रात्री तिला विचारलं आणि पहिल्यांदाच तो निबंध वाचायला मिळाला.

माझ्या सासूबाईंची दृष्टी चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून लेक त्यांना रोज पेपर वाचून दाखवते. निबंध त्याच्यावर आहे. सुरुवातीला ती निधनवार्तांचं पान गाळायची. आजीच्या वयाची माणसं असतात त्यात, कधी ओळखीची. दोनेक महिने असं चाललं. मग एक दिवस आजी म्हणाल्या, 'पानं सोळा असतात, तू चौदाच उलटतेस. आवाज मोजते मी. आणि ते पान आधी वाचत जा, म्हणजे बाकीचा पेपर निवांत ऐकता येतो.'

वाचल्यावर मला इथे काय विचारायला आले होते तेच आठवेना.

---

अर्धविराम | ७ मार्च, सकाळी १०:४०

मी माझा वरचा सगळा प्रतिसाद मागे घेतो. चार महिन्यांचा अभ्यास आजींनी एका वाक्यात उरकला.

---

भोवरा | ७ मार्च, दुपारी ३:०५

थोडं अवांतर, पण विलायतेची पद्धत याहून बरी वाटते. तिथे एकाच अर्जात पाच जागा भरता येतात, आणि ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज यातलं एका वर्षी एकच निवडता येतं. १५ ऑक्टोबरच्या आत अर्ज, डिसेंबरात मुलाखत, जानेवारीत उत्तर. प्रश्न सगळे विषयाचेच. माझी मुलाखत गणिताची होती. एका आलेखापुढे वीस मिनिटं अडकले. नकार आला तेव्हा कशामुळे आला ते मला नेमकं माहीत होतं, तो आलेख आजही काढून दाखवीन. वाईट वाटलं, पण 'मी माणूस म्हणून कमी' असं नाही वाटलं.

---

गणितवेडा | ७ मार्च, दुपारी ३:११

@भोवरा, कुठला आलेख?

---

भोवरा | ७ मार्च, दुपारी ३:२०

एक्सचा एक्सवा घात. शून्याजवळ काय होतं ते सांगता आलं नाही.

---

गणितवेडा | ७ मार्च, दुपारी ३:२४

एककडे जातो. पण त्याआधी खाली उतरून वर येतो, तळ १/ईपाशी. सुंदर आलेख आहे. (माफ करा, पुढे चालू द्या.)

---

तिरकस | १० मार्च, सकाळी ११:००

निकालाची भीती वाटणाऱ्यांसाठी आणखी एक भीती. २००९ साली सॅन डिएगोच्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाने आधी नकार दिलेल्या सुमारे २८,००० मुलांना चुकून स्वागताचा ईमेल पाठवला. २०१५ साली कार्नेगी मेलनने संगणकाच्या मास्टर्ससाठी सुमारे ८०० जणांना 'अभिनंदन' कळवलं आणि काही तासांत 'क्षमस्व'. तेव्हा कागदी फुलं उडाली तरी रात्रभर पडदा बंद करू नका.

---

पानगळ | १० मार्च, सकाळी ११:४५

@तिरकस, काका, हे मी गेल्या वर्षी वाचलं असतं तर पाचही नकारांचा 'क्षमस्व' येईल म्हणून अजून वाट बघत बसले असते.

---

कोरा_कागद | १२ मार्च, रात्री १०:०२

विनोदाला विनोद. योहानेस हाऊसहोफर नावाचे प्रिन्स्टनचे प्राध्यापक होते. २०१६ साली त्यांनी 'अपयशांचा बायोडेटा' लोकांसमोर ठेवला. कुठे प्रवेश नाही मिळाला, कुठली शिष्यवृत्ती हुकली, कुठले निबंध परत आले, सगळं ओळीने. त्याआधी २०१०मध्ये मेलनी स्टेफन या शास्त्रज्ञ बाईंनी ती कल्पना मांडली होती. हाऊसहोफरांनी यादीच्या शेवटी लिहिलं, की या कागदाकडे जेवढं लक्ष गेलं तेवढं माझ्या अख्ख्या संशोधनाकडे गेलं नाही.

---

खडूस | १२ मार्च, रात्री १०:३०

प्रिन्स्टनमध्ये बसून अपयशांची यादी लिहिणं सोपं असतं.

---

कोरा_कागद | १२ मार्च, रात्री १०:३३

नाव सार्थ आहे तुमचं.

---

रखवालदार (संपादक मंडळ) | १३ मार्च, सकाळी ९:००

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३च्या निकालावरून सुरू झालेले सतरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. तिथे भांडा. इथे एक आई प्रश्न विचारते आहे.

---

भोवरा | १४ मार्च, सायंकाळी ५:४०

आज १४ मार्च. अमेरिकी पद्धतीने महिना आधी लिहिला तर ३.१४, म्हणजे गणितातला पाय (π). एमआयटी आपले निकाल याच दिवशी लावतं, तिथल्या घड्याळात संध्याकाळी ६ वाजून २८ मिनिटांनी, कारण पायची दुप्पट ६.२८. नकार देतानाही गणित चुकवत नाहीत.

मृदाताई, तिकडे अर्ज आहे का?

---

मृदा | १४ मार्च, सायंकाळी ६:०२

नाही, वाचलो. पण तिच्या मैत्रिणीचा आहे. लेक स्वतःच्या निकालाला घाबरली नसेल एवढी आज घाबरलीय. मैत्रिणीला झालं तर आनंद होईल का नाही, याचीच तिला भीती. असं तिनेच सांगितलं, आपण होऊन. गेल्या तीन महिन्यांतलं सगळ्यात लांब बोलणं.

---

मुलाखतकाका | १४ मार्च, रात्री ९:३०

मृदाताई, ती 'कुठलीतरी' असलेली तीन विद्यापीठं आहेत ना, त्यांच्याकडे थोडं वळा. तिथला एखादा प्राध्यापक काय शिकवतो, कुठली प्रयोगशाळा आहे, हे तिच्यासोबत बसून वाचा. निकालानंतर नको, आत्ताच. नंतर वाचलं की ती जखमेवरची पट्टी होते. जिथे जाण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्याच जागेबद्दल मुलांना सर्वांत कमी माहिती असते. दर वर्षी बघतो.

---

मृदा | २९ मार्च, दुपारी १२:२५

निकाल लागले. सगळ्यांनी वाट बघितलीत म्हणून सविस्तर लिहिते.

काकांचं ऐकलं होतं. मधल्या दोन आठवड्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या 'कुठल्यातरी' विद्यापीठातल्या एका बाईंची व्याख्यानं आम्ही दोघींनी बघितली. नदीच्या गाळावरून जुने पूर ओळखायचा विषय. मला निम्मं कळलं नाही, तिला कळलं असावं, कारण मध्येच थांबवून ती माझी चूक काढत होती. तिथून होकार आधीच येऊन पडला होता, फेब्रुवारीत. तेव्हा तिने तो उघडून परत मिटला होता.

मोठे निकाल आमच्या घड्याळात भल्या पहाटे. मी कॅमेरा घेतला नाही, दारातही उभी राहिले नाही. पानगळ, तुझी आठवण ठेवून मी स्वयंपाकघरात थांबले. लेक लॅपटॉप घेऊन आजीच्या खोलीत गेली. पुढचं भिंतीपलीकडून ऐकलेलं.

आजी म्हणाल्या, 'आधी नकाराची वाच.' ती म्हणाली, 'उघडल्याशिवाय कसं कळणार कुठली नकाराची?' 'मग उघडत जा आणि वाचत जा.'

पहिलं वाचलं. दुसरं वाचलं. इंग्रजी वाचायचं आणि लगेच मराठीत सांगायचं, पेपरसारखंच. तिसऱ्याला आजींनी मध्येच थांबवलं. 'पुढचं मी सांगते. यंदा फार गुणी मुलांचे अर्ज आले, निवड करणं अवघड गेलं, तुझ्या पुढच्या वाटचालीला शुभेच्छा. बरोबर?' शब्दन्‌शब्द बरोबर. 'सगळ्यांनी एकाच कारकुनाकडून लिहून घेतलंय की!' लेक हसायला लागली. हसता हसता कधी रडायला लागली ते मला भिंतीपलीकडून कळलं नाही. वीस मिनिटं तरी रडली. मी दाराच्या कडीला हात लावून परत आले, तीनदा. मध्ये एकदा आजींचा आवाज आला, 'अजून किती राहिलीत?'

एकूण पाच नकार, त्यात डिसेंबरवालंही. एक वेटलिस्ट. उरलेल्या तिन्हींकडून होकार.

मैत्रिणीला १४ मार्चला झालं नव्हतं. काल तिचा फोन आला होता. दोघी दीड तास बोलत होत्या, दार लावून.

शेजारी, मावश्या, काका-आत्या सगळ्यांना एका ओळीचा मेसेज मी सकाळीच पाठवलाय. 'तीन ठिकाणी झालंय, सहा ठिकाणी नाही, दोन आठवडे विचारू नका.' एका आत्याबाईंनी तरी विचारलंच.

---

शुभ्रा | २९ मार्च, दुपारी १२:५०

आजींना माझा नमस्कार सांगा. मी त्या दिवशी चिडून लिहिलं होतं.

---

गणितवेडा | २९ मार्च, दुपारी १:०५

वेटलिस्टबद्दल कामाचं तेवढं. जागा धरा, पण तिच्यावर विसंबू नका. १ मेपर्यंत जिथे होकार आहे तिथे पैसे भरून नाव पक्कं करा. वेटलिस्ट बहुतेक त्यानंतरच हलते, कधी हलतही नाही. अजून इच्छुक असल्याचं एक पत्र पाठवायचं, पानभराच्या आत, जानेवारीनंतर जे नवीन घडलं तेवढंच. दर आठवड्याला आठवण करून देऊ नका.

---

मृदा | २९ मार्च, दुपारी २:३०

पत्र पाठवायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. 'नदीच्या बाईंना लिहिते आधी' म्हणाली.

---

तिरकस | ३० मार्च, सकाळी ७:१५

ताई, पहिल्या दिवशीचा प्रश्न पुन्हा विचारतो. ती तीन नावं आता कोणत्या आवाजात सांगते?

---

मृदा | ३० मार्च, सकाळी ८:४०

आवाजाचं माहीत नाही. काल रात्री दोनला पाणी प्यायला उठले, तर परत नकाशे उघडलेले. वसतिगृह दुसरं. मला बघून लॅपटॉप मिटला नाही. न्हाणीघर जिन्याच्या पार पलीकडच्या टोकाला आहे, म्हणून कुरकुर चालली होती.